लिंक पाठवली म्हणजे हक्क पोहोचला का?

"लिंक पाठवली आहे, बघून घ्या." महाविद्यालयातला लिपिक हे म्हणतो, सरकारी कार्यालयात हेच ऐकायला मिळते, आणि आता आपले कार्यकर्तेही हेच म्हणू लागले आहेत. पाठवणाऱ्याची जबाबदारी या एका वाक्यात संपते. ज्याला ती लिंक मिळायला हवी होती त्याचे पुढे काय झाले, हे कोणी विचारत नाही.

कडेगाव तालुक्यात आम्ही वस्त्यांमधल्या मुलामुलींचे शिष्यवृत्तीचे, वसतिगृहाचे, फेलोशिपचे अर्ज भरायला मदत करतो. प्रवेशाच्या हंगामात गावे बदलतात, पण तक्रार तीच असते. अर्जात त्रुटी निघालेली असते, दुरुस्तीची सूचना आणि लिंक ई-मेलने गेलेली असते, आणि तो मेल विद्यार्थ्याच्या 'स्पॅम' नावाच्या कप्प्यात पडून असतो. तो कप्पा त्याने कधी उघडलेलाच नसतो. जीमेल स्पॅममधले मेल ३० दिवसांनी आपोआप पुसून टाकते. मुदत संपल्यावर विद्यार्थी विचारायला जातो तेव्हा हातात लिंक नसते आणि पुरावाही नसतो. "आम्ही पाठवला होता," एवढेच उत्तर मिळते.

यावर चळवळीत दोन प्रकारचे बोलणे ऐकू येते. एक म्हणते, "गुगलचे मशीनच मनुवादी आहे, आपले मेल मुद्दाम दाबते." दुसरे म्हणते, "पोरेच बेफिकीर आहेत, मेल बघत नाहीत." ही दोन्ही उत्तरे आम्हाला मान्य नाहीत. पहिले उत्तर आपल्याला शिकण्यापासून सूट देते, तर दुसरे व्यवस्थेला जबाबदारीतून सूट देते.

पणाला काय लागले आहे

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू आहे. ती कोणाची मेहेरबानी नव्हती. ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन व्हाइसरॉयला दिले आणि त्यात उच्च शिक्षणासाठी सरकारी पैशांची मागणी केली. ऐंशी वर्षांहून अधिक काळ चालत आलेल्या त्या हक्काचा अर्ज आज महाडीबीटी पोर्टलवर भरावा लागतो. आधार, मोबाईल आणि ई-मेल हे त्या अर्जाचे दरवाजे झाले आहेत. अर्ज आधी महाविद्यालयाच्या टेबलावर जातो, मग विभागाच्या. त्रुटी निघाली तर तो विद्यार्थ्याकडे परत येतो आणि त्यानेच तो दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा असतो.

वडील ऊसतोडीला आणि आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणाऱ्या मुलीच्या दृष्टीने त्या एका लिंकची किंमत म्हणजे वर्षभराची फी आणि निर्वाह भत्ता. तो अर्ज गेला की पुढच्या वर्षी तिचे लग्न ठरते. म्हणून लिंक स्पॅममध्ये जाणे ही आमच्या मते केवळ तांत्रिक बाब नाही. ती शिक्षणाच्या हक्काची बाब आहे.

चाळणी काय पाहते

अनाहूत घाऊक मेलचा पहिला नोंदलेला प्रकार ३ मे १९७८ चा. अमेरिकेतल्या एका संगणक कंपनीने आपल्या यंत्रांच्या जाहिरातीसाठी सुमारे ४०० जणांना एकदम संदेश पाठवला. तिथून सुरू झालेला धंदा आज लॉटरी, खोटी नोकरी, बँकेची खोटी लिंक इथपर्यंत पोहोचला आहे. मोफत लॅपटॉपच्या खोट्या सरकारी योजनेची लिंक कितीदा फिरली आणि पीआयबी फॅक्ट चेकला कितीदा ती खोटी असल्याचे सांगावे लागले, हे आठवून पाहा. अशा लिंकला बळी पडणाऱ्यांत आपलीच माणसे जास्त असतात, कारण मोफत लॅपटॉपची गरजही आपल्यालाच जास्त असते. म्हणून चाळणी नकोच, असे म्हणता येत नाही.

ही चाळणी ढोबळमानाने तीन प्रश्न विचारते.

पहिला प्रश्न, पाठवणारा खरोखर तोच आहे का? ई-मेलच्या पाकिटावर प्रेषक म्हणून कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो. हे रोखायला तीन उपाय आले. एसपीएफ म्हणजे आमची पत्रे कोणते पोस्टमन आणतील त्याची जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे पत्रावरची लाखेची मोहर. डीमार्क म्हणजे यादी आणि मोहर यांपैकी काहीच जुळले नाही तर त्या पत्राचे काय करायचे, याची पत्रमालकाने दिलेली सूचना. फेब्रुवारी २०२४ पासून गुगलने नियम कडक केले. जीमेलच्या पत्त्यांवर मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम हवेच. दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही हवेत, आणि जाहिराती किंवा वार्तापत्रे पाठवत असाल तर एका क्लिकवर नाव काढून घेण्याची सोयही हवी. याहूनेही अशीच पावले उचलली.

दुसरा प्रश्न, याचे आजवरचे वागणे कसे आहे? लोक याचे मेल उघडतात का, उत्तर देतात का, की 'स्पॅम' म्हणून कळवतात? घाऊक पाठवणाऱ्यांसाठी गुगलची मर्यादा ०.३ टक्के आहे. म्हणजे १,००० मेलमागे तिघांनी तक्रार केली तरी प्रकरण हाताबाहेर गेले.

तिसरा प्रश्न, आतली लिंक कुठे नेते? इथेच आपले बहुतेक मेल अडकतात. लांबलचक लिंक बरी दिसत नाही म्हणून ती आखूड करून देणाऱ्या फुकट सेवा वापरल्या जातात. पण आखूड लिंकमागे खरा पत्ता झाकला जातो, म्हणून फसवणारेही त्याच सेवा वापरतात. स्पॅमहॉस, एसयूआरबीएल यांसारख्या संस्था बदनाम डोमेनच्या याद्या ठेवतात आणि मेलमधल्या लिंका त्या याद्यांशी ताडून पाहिल्या जातात. तुमचा मजकूर कितीही प्रामाणिक असो, तुम्ही वापरलेल्या आखूड पत्त्याचे नाव खराब असेल तर त्याच्याबरोबर तुम्हीही बुडता.

वस्तीतल्या एकावर संशय आला की अख्खी वस्ती चौकीत बसवायची, ही पद्धत आपल्याला नवी नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने समूहच्या समूह जन्माने गुन्हेगार ठरवले आणि १९५२ साली तो कायदा रद्द झाल्यावरही संशय गेला नाही. सामायिक पत्त्याचा हा न्याय त्याच जातकुळीचा वाटतो. फरक एवढाच की इथे तो पत्ता सोडण्याचे स्वातंत्र्य आपल्याला आहे.

मग चाळणीला जात असते का?

चाळणी आडनाव पाहून मेल अडवते, असे मानायला आम्हाला आधार दिसत नाही. जातीच्या व्यवस्थेत पत जन्माने मिळते आणि कलंकही जन्मानेच चिकटतो. चाळणीत पत वागण्याने मिळते आणि बिघडलेली पत चांगल्या वागण्याने काही आठवड्यांत सुधारतेही. हा फरक लहान नाही. 'मशीन मनुवादी' म्हणून मोकळे होणारे मित्र तो पुसून टाकतात आणि मनुवाद या शब्दाची धारही बोथट करतात.

पण चाळणी सर्वांना सारखी लागते, हेही खरे नाही. वरच्या पायरीवर स्वतःचे डोमेन आणि तंत्रज्ञ पगारावर ठेवणाऱ्या कंपन्या आणि विद्यापीठे आहेत. त्याखाली डोमेन असलेल्या पण त्याची नीट मांडणी न केलेल्या संस्था. त्याखाली जीमेलच्या फुकट पत्त्यावर चालणारी मंडळे. आणि सगळ्यात खाली तो विद्यार्थी, ज्याचा ई-मेल पत्ता फॉर्म भरताना नेट कॅफेवाल्याने काढला आणि पासवर्ड आपल्या वहीत लिहून ठेवला. पत्ता विद्यार्थ्याच्या नावाचा, पण किल्ली दुसऱ्याकडे. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिचे हे आजचे एक रूप आहे.

यातली खरी मेख अशी की चाळणी माणसाकडून शिकते. तुम्ही स्पॅममधला मेल उचलून 'स्पॅम नाही' असे सांगता, उत्तर देता, पत्ता जतन करता, तेव्हा ती शहाणी होते. पुण्यात संगणकासमोर बसणाऱ्या नोकरदाराची चाळणी रोज शिकत असते. वर्षातून एकदा, तेही दुसऱ्याच्या हाताने उघडल्या जाणाऱ्या खात्याची चाळणी कोणाकडून शिकणार? तिथे तिला शिकवणारा माणूसच नाही. म्हणून चूक चूकच राहते. 'पोरे मेल बघत नाहीत' म्हणणाऱ्यांनी आधी विचारावे, ते खाते पोराच्या ताब्यात तरी आहे का?

'मूकनायक'ची जाहिरात आणि आपला पत्ता

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही, हा इतिहास आपल्याला पाठ आहे. तो आपण वारंवार सांगतो, पण त्याचा पुढचा भाग कमी सांगतो. बाबासाहेब 'केसरी'च्या दारात बसून राहिले नाहीत. शाहू महाराजांनी २,५०० रुपयांची मदत केली आणि पाक्षिक उभे राहिले. ते बंद पडल्यावर १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत', १९३० मध्ये 'जनता' आणि १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत' आले. त्यांनी स्वतःचा भारत भूषण छापखाना उभारला. आपला मजकूर वाचकापर्यंत नेण्याचे साधन आपल्या मालकीचे असले पाहिजे, हा त्यातला धडा.

आजच्या काळात स्वतःचे डोमेन म्हणजे तो छापखाना. मंडळाच्या नावाचा स्वतःचा पत्ता, त्यावर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क यांची नीट मांडणी, आणि त्याच डोमेनवर ठेवलेली माहिती. मग लिंकही आपलीच आणि नावही आपलेच. जयंतीच्या एका मोठ्या फ्लेक्सच्या पैशांत वर्षभराचे डोमेन येते. फ्लेक्स आठ दिवसांत उतरतो. कोणत्या मंडळाने कुठे किती खर्च करावा हे सांगणारे आम्ही कोण? पण हा हिशेब प्रत्येकाने एकदा मांडून पाहावा.

लिंक कशी पाठवावी

चळवळीतल्या मेलची नेहमीची तऱ्हा अशी असते: तीनशे पत्ते एकाच वेळी, विषयात 'तातडीचे!!! मोफत!!! सर्वांना पाठवा!!!', आत एक चित्र, पाच आखूड लिंका आणि वर झिप फाईल. अशा मेलला कोणतीही चाळणी अडवेल. त्याऐवजी काय करावे?

१) आधी संमती घ्या. मिळेल तिथून पत्ते गोळा करून यादी वाढवू नका. ज्याने मागितलेच नाही तो स्पॅमचे बटण दाबणारच. ७ नोव्हेंबर हा बाबासाहेबांच्या साताऱ्यातल्या शाळाप्रवेशाचा दिवस, विद्यार्थी दिन. त्या दिवशी शाळा-महाविद्यालयांत नोंदवही ठेवा आणि विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेला पत्ता घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा पायाही संमतीच आहे.

२) एका मेलमध्ये एकच काम आणि शक्यतो एकच लिंक. लिंक पूर्ण द्या, आखूड करू नका. लिंकच्या जागी दिसणारा पत्ता एक आणि प्रत्यक्षात उघडणारा दुसरा, असे कधीही करू नका. फसवणुकीची ती पहिली खूण मानली जाते.

३) लिंकसोबत वाटही लिहा. "महाडीबीटी पोर्टल उघडा, लॉगिन करा, आपल्या अर्जाची स्थिती पाहा, परत आलेला असेल तर दुरुस्त करून पुन्हा सादर करा." लिंक अडली, तुटली किंवा बंद पडली तरी विद्यार्थी चालत राहिला पाहिजे. गुगलने आपली लिंक आखूड करण्याची सेवा २०१९ मध्ये नव्या लिंकांसाठी बंद केली. दुसऱ्याच्या दारावर आपला पत्ता लिहिला की असे होणारच.

४) मजकूर युनिकोडमध्ये टंकित करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच मेलमध्ये चिकटवला की समोरच्याला निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात. माणसालाच वाचता येत नाही ते तो स्पॅम समजतो. सगळी माहिती चित्रात कोंबू नका. साधी चार वाक्ये आणि खाली पाठवणाऱ्याचे नाव, गाव, फोन पुरेसे.

५) थोडे थोडे पाठवा. जीमेलच्या फुकट खात्याची मर्यादा दिवसाला ५०० पत्त्यांची आहे. नवे खाते काढून पहिल्याच दिवशी ती गाठू नका. आणि जीमेलचा पत्ता प्रेषक म्हणून टाकून दुसऱ्याच कुठल्या घाऊक सेवेतून मेल सोडू नका. यादी आणि मोहर दोन्ही जुळत नाहीत.

६) आधी स्वतःच्या दोन-तीन वेगवेगळ्या खात्यांवर, जीमेल, याहू, रेडिफ, पाठवून पाहा. कुठे जातो ते तपासा, मगच इतरांना पाठवा.

७) पोच मागा. "मिळाला, एवढे तरी उत्तर द्या" असे शेवटी लिहा. उत्तर आले की चाळणीला कळते की ही ओळखीची माणसे आहेत. ज्यांचे उत्तर आले नाही त्यांना दोन दिवसांत फोन करा. ही यादी तपासणे म्हणजेच संघटन.

सातवा मुद्दा सर्वात महत्त्वाचा आहे. पहिले सहा पाळले तरी मेल अडकू शकतो, कारण चाळणीचे पूर्ण गणित कोणतीही कंपनी उघड करत नाही. कार्यकर्त्याच्या फोनला मात्र कोणती चाळणी लागत नाही.

कोणी विचारेल, व्हॉट्सअॅप असताना ही यातायात कशाला? व्हॉट्सअॅप वापराच. पण तिथे खरी लिंक आणि खोटी लिंक एकाच वेषात फिरतात, आणि मुलाखतीचे पत्र, प्रवेशाचे पत्र, परदेशी विद्यापीठाचे उत्तर ई-मेलवरच येते. जिथे अधिकृत व्यवहार चालतो तिथून आपण बाहेर राहणे परवडणारे नाही. विद्यार्थ्याला एवढे मात्र शिकवा की सरकारी संकेतस्थळाचा मुख्य पत्ता 'गव्ह डॉट इन' वर संपतो. नावात 'गव्ह' कुठेतरी घुसवले म्हणून पत्ता सरकारी होत नाही.

जबाबदारी पाठवणाऱ्याची

आता व्यवस्थेकडे वळू. आपण सगळे शिकलो तरी कार्यालये आणि महाविद्यालये यांची सुटका होत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चे कलम १३ सांगते की, वेगळे ठरलेले नसेल तर, आपण दिलेल्या पत्त्याच्या संगणक यंत्रणेत संदेश शिरला की तो मिळाला असे धरले जाते. म्हणजे मेल स्पॅममध्ये पडला तरी कार्यालय 'पोहोचला' म्हणू शकते. कायद्याच्या या वाचनात विद्यार्थ्याचे वर्ष जाते आणि कोणीच दोषी ठरत नाही.

पण त्याच कायद्याचे कलम १२ फारसे कोणी वाचत नाही. पोच आल्याशिवाय हा संदेश बंधनकारक नाही, अशी अट पाठवणारा घालू शकतो. तशी अट असेल तर पोच येईपर्यंत संदेश पाठवलाच नव्हता असे मानले जाते. मार्ग कायद्यातच आहे, इच्छा असली पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि फेलोशिप यांच्या प्रत्येक मुदतीच्या मेलमध्ये कलम १२ प्रमाणे पोचेची अट घालावी. पोच आली नाही तर अर्ज बाद करण्याआधी एसएमएस आणि फोन करावा, आणि त्याची नोंद ठेवावी. त्रुटी निघालेल्या अर्जांचे क्रमांक महाविद्यालयाच्या फलकावर लावावेत. नाव नको, क्रमांक पुरे. कार्यालयांनी खासगी फुकट पत्त्यावरून अधिकृत लिंका पाठवणे बंद करावे, कारण त्यामुळे खरे आणि खोटे ओळखण्याची विद्यार्थ्याची शेवटची खूणही जाते. तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून एक दिवस अर्जाची स्थिती दाखवणारा माणूस बसवावा. कडेगावच्या मुलाला त्यासाठी सांगली गाठायची तर जाऊन येऊन दिवस मोडतो आणि घरातल्या एकाचा रोजगार बुडतो.

या मागण्यांना पैसा फारसा लागत नाही. लागते ती पाठवल्यानंतरही जबाबदार राहण्याची तयारी.

आणि आपण? येत्या महिन्यात प्रत्येक बुद्धविहारात एक रविवार यासाठी द्या. मुलामुलींना त्यांच्याच मोबाईलवर त्यांचेच खाते उघडायला लावा. नेट कॅफेच्या वहीतला पासवर्ड बदला. स्पॅमचा कप्पा एकदा सगळ्यांनी मिळून उघडा. त्यात काय सापडते ते पाहा आणि सापडलेल्या प्रत्येक खऱ्या मेलवर 'स्पॅम नाही' असे दाबा. 'शिका' या शब्दात आज एवढेही शिकणे येते.

जय भीम!